हौशी फोटोग्राफरची लेन्स: निवड, पारख आणि पावसाळ्यातली राखण

पहिली लेन्स बहुधा कॅमेऱ्यासोबतच येते. १८-५५ मिलिमीटरची, तोंडाशी ३.५-५.६ असे आकडे छापलेली. काही महिने ती वापरली की दुसरी कोणती घ्यावी हा प्रश्न पडतो. मुंबई, कोकण किंवा गोव्यात राहणाऱ्याने आधी एक मोठा हवाबंद डबा, पाव किलो सिलिका जेल आणि आर्द्रता मोजणारं छोटं डिजिटल मीटर घ्यावं, आणि मगच दुसरी लेन्स. या तिन्ही वस्तूंचा खर्च सगळ्यात स्वस्त लेन्सच्याही कितीतरी खाली राहतो. त्या नसतील तर महागातली लेन्सही दोन-तीन पावसाळ्यांत आतून बुरशी धरू शकते. निवडीचा विचार याच्यानंतर.

आधी आपलेच फोटो तपासा

गेल्या वर्षभरातले फोटो संगणकावर घ्या. लाइटरूममध्ये किंवा डिजीकॅमसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ते फोकल लेंग्थनुसार, म्हणजे लेन्सच्या मिलिमीटरच्या आकड्यानुसार, गाळता येतात: आकडा लहान तितकी चौकट रुंद, मोठा तितकी अरुंद. बहुतेक फोटो १८ वर अडकलेले दिसले तर तुम्हाला अधिक रुंद लेन्स हवी आहे. ५५ वर अडकले असतील तर लांबची. घरातले, देवळातले, कार्यालयातले फोटो हललेले असतील आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) सतत ३२००च्या वर गेलेला असेल, तर फोकल लेंग्थ ठीक आहे, उजेड कमी पडतो आहे. हौशी माणसाच्या बाबतीत बहुतेक वेळा दुखणं हेच निघतं.

उजेडाचं गणित सोपं आहे. एफचा आकडा लेन्सचं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, किती उघडं आहे ते सांगतो: आकडा लहान तितकं छिद्र मोठं. एफ ५.६ च्या तुलनेत एफ १.८ ला सुमारे दहापट प्रकाश आत येतो. आरतीच्या वेळी किट लेन्सवर, म्हणजे कॅमेऱ्यासोबत आलेल्या लेन्सवर, शटरचा वेग १/१५ सेकंदावर येत असेल, तर एफ १.८ च्या लेन्सवर त्याच आयएसओला ते १/१५० च्या आसपास जातं. टाळ वाजवणारे हात १/१५ ला पुसट होतात, १/१५० ला बऱ्यापैकी ठरतात. म्हणून दुसरी लेन्स झूम नसावी. एफ १.८ ची, एकाच फोकल लेंग्थची, म्हणजे प्राइम असावी.

आता ५० की ३५? दुकानदार सहसा ५० हातात देतो, कारण ती स्वस्त असते. पण बहुतेक हौशी कॅमेऱ्यांचा सेन्सर छोटा, म्हणजे एपीएस-सी असतो. मोठ्या सेन्सरच्या, म्हणजे फुलफ्रेम कॅमेऱ्याच्या हिशोबाने निकॉन, सोनी, फुजीवर ५० मिलिमीटरची चौकट ७५ इतकी अरुंद होते, कॅननवर ८० इतकी. उभ्या माणसाचा डोक्यापासून पायापर्यंत फोटो घ्यायचा तर ५० ला साधारण चार मीटर मागे जावं लागतं, ३५ ला पावणेतीन-तीन मीटर पुरतात. दहा फुटी खोली म्हणजे तीन मीटर, त्यात तुमची स्वतःची जागा धरायची. घरातले प्रसंग, लहान मुलं, बारसं-मुंज यांसाठी ३५ घ्या. चेहऱ्याचे फोटो, नाटकाची तालीम, अंगणातली माणसं यांसाठी ५०. एफ १.८ ला जवळून फोटो घेताना डोळा स्पष्ट आणि कान धूसर होतो. दोन माणसं शेजारी असतील तर २.८ किंवा ४ वर या.

गड-किल्ल्यांसाठी १०-१८ किंवा १०-२० च्या झूम चांगल्या. त्या बहुधा एफ ४ किंवा ४.५ पासून सुरू होतात, पण कड्यावर उजेड भरपूर असतो आणि पहाटे तिवई वापरता येते, म्हणून तिथे जास्त पैसे घालू नका.

पक्ष्यांसाठी ७०-३०० पासून सुरुवात करा. भिगवणला नावेतून रोहित पक्षी टिपताना छोट्या सेन्सरवर ३०० ची चौकट ४५०-४८० इतकी होते. लेन्समधलं स्थिरीकरण तुमच्या हाताचं कंपन थांबवतं, उडणाऱ्या पक्ष्याचं आणि हलणाऱ्या नावेचं नाही. उडत्या पक्ष्याला १/१००० किंवा त्याहून वेगवान शटर लावा. बसलेल्या पक्ष्यालाही फोकल लेंग्थच्या दीडपट, म्हणजे ३०० ला १/५०० च्या खाली येऊ नका.

कासच्या पठारावरची सीतेची आसवं बोटाच्या पेराएवढी असतात. साध्या लेन्सला तितक्या जवळ फोकस होत नाही. खरी मॅक्रो लेन्स सेन्सरवर वस्तू मूळ आकारात उमटवते, पण ती महाग. आधी एक्स्टेन्शन ट्यूब वापरून पाहा. ही लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारी पोकळ नळी असते, आत काच नसते, त्यामुळे काचेचा दर्जा घसरत नाही. ५० च्या लेन्सला २५ मिलिमीटरची ट्यूब लावली की मोठेपणात ०.५ ची भर पडते, म्हणजे निदान अर्ध्या आकारापर्यंत पोचता येतं. विद्युत संपर्काच्या पिना असलेलीच ट्यूब घ्या, नाहीतर बऱ्याच लेन्सेसचं अ‍ॅपर्चर बदलता येत नाही.

माउंटमधले सापळे

माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जिथे बसते ते कडं. वापरलेल्या लेन्सेसच्या बाजारात सर्वाधिक पैसे इथे बुडतात. लेन्स घट्ट बसली म्हणजे चालेलच असं नाही.

निकॉनच्या डी३१०० ते डी३५०० आणि डी५१०० ते डी५६०० या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. ५० मिलिमीटर एफ १.८ डी ही जुनी, स्वस्त लेन्स त्यांवर बसते, फोटोही निघतो, पण फोकस हातानेच करावा लागतो. नावात एएफ-एस असलेली लेन्स घ्या. एएफ-पी लिहिलेल्या लेन्सची अडचण उलटी आहे: डी९०, डी३१००, डी५१००, डी७००० या जुन्या कॅमेऱ्यांवर ती फोकसच करत नाही. कॅननच्या ईएफ-एस लेन्सेस फुलफ्रेम डीएसएलआरवर (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर) बसत नाहीत. ईएफ मात्र छोट्या सेन्सरच्या डीएसएलआरवरही चालतात.

अ‍ॅडॅप्टरचा, म्हणजे एका माउंटची लेन्स दुसऱ्या माउंटवर बसवणाऱ्या कड्याचा नियम माउंट ते सेन्सर या अंतरावरून ठरतो. निकॉन एफचं ते अंतर ४६.५ मिलिमीटर, कॅनन ईएफचं ४४, सोनी ईचं १८, कॅनन आरएफचं २०, निकॉन झेडचं १६. जास्त अंतराची लेन्स कमी अंतराच्या कॅमेऱ्यावर कडं घालून बसवता येते. उलट केलं तर दूरच्या डोंगरावर फोकस पोचत नाही. म्हणून डीएसएलआरच्या लेन्सेस मिररलेसवर, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर चालतात. निकॉनच्या एफटीझेड अ‍ॅडॅप्टरमध्येही फोकसची मोटर नाही, हे जुन्या डी लेन्सेस जपून ठेवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

वापरलेली लेन्स कशी पारखावी

मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजाराच्या आसपास दुकानांतून किंवा ओळखीच्या माणसाकडून वापरलेली लेन्स घेणं हा हौशी माणसासाठी शहाणपणाचा मार्ग आहे. अट एकच: तपासायला अर्धा तास मिळाला पाहिजे. विकणारा घाई करत असेल तर निघून या. सोबत आपला कॅमेरा, रिकामं कार्ड, छोटी एलईडी टॉर्च आणि वर्तमानपत्राचं एक पूर्ण पान न्या.

आधी बाहेरून बघा. पुढच्या फिल्टरच्या आट्यांना पोचा असेल तर लेन्स पडलेली आहे. माउंटजवळच्या स्क्रूंची डोकी खरवडलेली असतील तर ती कुणीतरी उघडलेली आहे. कुणी उघडली आणि का, ते विचारा. झूमचं आणि फोकसचं कडं टोकापासून टोकापर्यंत हळू फिरवा. कुरकुर जाणवली तर आत वाळू आहे, आणि वाळू गेलेली लेन्स स्वस्तातही घेऊ नये.

मग दोन्ही टोपणं काढा आणि मागच्या बाजूने टॉर्च तिरकी धरून पुढून आत बघा. नंतर उलट. जुन्या निकॉन लेन्समध्ये माउंटजवळची छोटी दांडी सरकवून अ‍ॅपर्चर उघडं धरावं लागतं. आत चार गोष्टी दिसू शकतात, आणि त्यांतला फरक ओळखता आला पाहिजे. सुटे ठिपके म्हणजे धूळ. ती प्रत्येक वापरलेल्या लेन्समध्ये असते आणि फोटोत दिसत नाही. फांद्या फुटलेले, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू, बहुधा कडेकडून आत येणारे, ही बुरशी. पूर्ण काचेवर दुधाळ थर असेल तर धुकं: वंगणाची वाफ आत साचलेली असते, आणि अशा लेन्सचे फोटो उन्हाकडे तोंड करून काढले की फिके येतात. कडेला इंद्रधनुषी किंवा तेलकट चंद्रकोर दिसली तर दोन काचांना जोडणारा चिकट थर सुटतो आहे. त्याची दुरुस्ती हौशी लेन्सला परवडत नाही.

पुढच्या काचेवरची एखादी बारीक रेघ किंमत पाडून मागायला चांगली, फोटोला तिचा फारसा त्रास नाही. मागच्या काचेवरची रेघ मात्र उजळ दिव्यांच्या फोटोत दिसते.

आता लेन्स कॅमेऱ्याला लावा. एफ १६ ठेवा, मॅन्युअल मोडवर एकाच भिंतीचे सलग दहा फोटो घ्या. सगळे सारखेच उजळ यायला हवेत. काही जास्त उजळ आले तर अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल आलं आहे आणि ती वेळेवर मिटत नाहीत.

शेवटी वर्तमानपत्राचं पान भिंतीवर सपाट चिकटवा. कॅमेरा पानाच्या मध्यासमोर, भिंतीला समांतर, टेकू देऊन ठेवा. लेन्स सर्वांत उघड्या अ‍ॅपर्चरवर ठेवून फोटो घ्या आणि चारही कोपरे मोठे करून पाहा. चारही कोपरे सारखेच किंचित मऊ, म्हणजे कमी स्पष्ट असतील तर तो त्या लेन्सचा स्वभाव. डावे कोपरे वाचता येतात आणि उजव्यांतली अक्षरं फुटतात असं दिसलं, तर पडल्यामुळे आतली काच सरकलेली असू शकते. कॅमेरा तिरका असला तरी असंच दिसतं, म्हणून लेन्स सोडून देण्याआधी कॅमेरा नीट लावून पुन्हा एकदा करा. मग तेच एफ ५.६ आणि ८ वर घ्या. बहुतेक लेन्सेस इथे सर्वांत टोकदार असतात. छोट्या सेन्सरवर ११ च्या पुढे विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने) सगळंच पुन्हा मऊ होऊ लागतं.

बुरशी दिसली तर किंमत कितीही उतरवली तरी घेऊ नका. ती साफ करायला लेन्स उघडावी लागते आणि कोटिंग आधीच खाल्लं गेलं असेल तर डाग कायमचा राहतो.

बुरशी का धरते आणि कशी टाळायची

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, तुमच्या लेन्समध्येही आधीपासून आहेत. त्यांना वाढायला दमट, अंधारी, न हलणारी हवा लागते. आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की धोका सुरू होतो. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई-रत्नागिरीकडे ती दिवसचे दिवस ८० च्या वर असते. ताटात काढलेला पापड जेवण संपायच्या आत सादळतो, त्याच हवेत कपाटातल्या बॅगेत लेन्स चार महिने पडून असते. वाढताना बुरशी आम्ल सोडते, ते काचेवरच्या कोटिंगला आणि पुढे काचेलाही कोरतं. म्हणून ती नंतर पुसून प्रश्न सुटत नाही.

कॅमेऱ्याची बॅग फिरण्यासाठी असते, साठवणीसाठी नाही. तिचा फोम ओल धरून ठेवतो. चामड्याचं कव्हर त्याहून वाईट. कपड्यांच्या कपाटात लेन्स ठेवूच नका: डांबराच्या गोळ्या आणि कापूर यांची वाफ काचेवर बसते.

डबा असा तयार करा. स्वयंपाकघरात मिळतो तसा, झाकणाला रबरी कडं आणि चारही बाजूंना कुलपी असलेला दहा लिटरचा पारदर्शक डबा घ्या. २०० ते २५० ग्रॅम नारिंगी सिलिका जेल मलमलच्या पुरचुंडीत बांधा. सुटं टाकू नका, त्याची बारीक पूड कड्यांमध्ये जाते. मीटर आत, बाहेरून वाचता येईल असं ठेवा. लेन्सेस मागच्या टोपणावर उभ्या ठेवा. दुसऱ्या दिवशी आकडा ४० ते ५० मध्ये आला पाहिजे. ६० च्या खाली उतरतच नसेल तर जेल आधीच ओल पिऊन बसलेलं आहे किंवा झाकण हवा सोडतंय. ३५ च्याही खाली गेला तर थोडं जेल काढा, फार कोरडी हवा रबराला आणि वंगणाला बरी नाही. नागपूर-चंद्रपूरकडे उन्हाळ्यात डब्यात जेल ठेवायची गरजच नसते. तिथला शत्रू धूळ.

स्वस्त मीटर चुकीचं दाखवू शकतं, पण ते घरीच तपासता येतं. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूइतकं भिजवा, विरघळू देऊ नका. झाकण आणि मीटर एका झिपच्या पिशवीत बंद करून दहा-बारा तास ठेवा. मिठाच्या संपृक्त द्रावणावरच्या हवेची आर्द्रता ७५ टक्के असते. मीटर ८० दाखवत असेल तर त्याच्या प्रत्येक आकड्यातून ५ वजा करा.

नारिंगी जेल ओल पिऊन गडद हिरवं झालं की ते ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवा, बंद बरणीत थंड करा आणि मगच डब्यात घाला. निळं जेल, जे ओल पिऊन गुलाबी होतं, त्यात कोबाल्टचं क्षार असतं. ते विषारी आहे, स्वयंपाकाच्या भांड्यात किंवा ओव्हनमध्ये नको. बुटांच्या आणि औषधांच्या खोक्यांतून जमवलेल्या पुड्या बहुधा आधीच ओल पिऊन बसलेल्या असतात, त्यांच्यावर विसंबू नका. तांदूळही नकोत, त्यांची पूड आणि पिष्ट बुरशीचंच अन्न.

तीनपेक्षा जास्त लेन्सेस झाल्या की विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट घ्या आणि ४५ वर लावून कायम सुरू ठेवा. दार बंद असेल तर काही तास वीज गेल्याने बिघडत नाही.

लेन्सला कडक ऊन दाखवण्याची पद्धत अनेक घरांत आहे. त्याने वाढ थांबू शकते, पण बसलेली बुरशी निघत नाही, आणि उष्णतेने वंगण पातळ होऊन पात्यांवर येतं. शिवाय लेन्समधून गेलेलं ऊन मागे एका बिंदूत गोळा होतं, तिथे कापड किंवा कागद असेल तर पेट घेतो. त्याऐवजी आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून वापरा, कडी फिरवा.

पुसणं

कमीत कमी पुसा. बहुतेक धूळ फोटोत येत नाही, आणि चुकीचं पुसणं मात्र कायमचं उमटतं. क्रम असा ठेवा: लेन्सचं तोंड खाली करून रबरी ब्लोअरने आठ-दहा वेळा हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे थेंब उडतात. उरलेले कण मऊ ब्रशने झटका. बोटाचा ठसा किंवा तेलकट डाग असेल तरच मायक्रोफायबर कापडावर लेन्स क्लीनरचे एक-दोन थेंब घ्या. थेट काचेवर टाकलात तर द्रव कडेतून आत जातो. मध्यापासून बाहेर, हलक्या हाताने, गोल पुसत जा. शर्टाचं टोक, रुमाल, आरशाचा फवारा, दाबाखालच्या हवेचा डबा हे चार टाळा. मागच्या काचेवरचा डाग आधी काढा, तो पुढच्यापेक्षा जास्त त्रास देतो. सोनेरी संपर्कपट्ट्या कोरड्या कापडाने पुसा. खोडरबराने घासल्यास मुलामा जातो आणि चुरा कॅमेऱ्यात पडतो.

बाहेर पडल्यावर

एसीच्या खोलीतून किंवा गाडीतून दमट हवेत लेन्स उघडली की काचेवर दव धरतं, कधी आतल्या काचेवरही. बाहेर पडण्याआधी ती झिपच्या पिशवीत बंद करा आणि बाहेरच्या हवेत अर्धा तास तशीच राहू द्या. दव धरलंच तर पुसू नका, वाट बघा.

जेजुरीला सोमवतीच्या भंडाऱ्यात झूम लेन्स आतबाहेर करताना हळद आत ओढून घेते. तिथे प्राइम न्या, पुढे साधा संरक्षक फिल्टर लावा, बाकी नळी पिशवीत गुंडाळा, आणि लेन्स तिथे बदलूच नका. असा फिल्टर भंडारा, समुद्र, ताडोबाची लाल धूळ इथे उपयोगी. रात्रीच्या दिव्यांसमोर तो काढून ठेवा, नाहीतर दिव्यांची प्रतिबिंबं फोटोत उमटतात. एरवी हूड (लेन्सच्या तोंडावर लावायची कडा) पुरतो, आणि लेन्स पडली तर पहिला मार तोच खातो.

समुद्रावरून आल्यावर कोरडं पुसलंत तर मीठ काचेवर घासलं जातं. गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने आधी नळी आणि फिल्टर पुसा. पावसात भिजली तर बाहेरून टिपा, झूम पूर्ण बाहेर काढा, टोपणं काढून जेलच्या डब्यात दोन दिवस ठेवा. हेअर ड्रायर लावू नका, तो ओल आत ढकलतो. समुद्रात पडलेली लेन्स लगेच दुरुस्तीला न्या, मीठ काही दिवसांत आतले संपर्क गंजवतं.

दुरुस्तीला देताना लेन्सचा क्रमांक पावतीवर लिहून घ्या आणि त्याच दिवशी टॉर्चने आतले फोटो काढून ठेवा. बुरशी साफ करून आलेली लेन्स परत घेताना कारागिरासमोरच वर्तमानपत्राची चाचणी करा: उघडून पुन्हा बसवताना काच किंचित तिरकी बसली तर ती चूक तिथेच पकडता येते, घरी आल्यावर सिद्ध करता येत नाही. अशी लेन्स पहिला महिनाभर वेगळ्या डब्यात ठेवा आणि दर आठवड्याला कडेने टॉर्च फिरवून बघा. तंतू पुन्हा फुटले, तर आधी डब्याचं मीटर मिठावर तपासा.